न आलेल्या रुग्णाच्या शोधात

(डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ सोलापुरात वैद्यकीय विद्यार्थी आणि नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



डॉ. कोटणीसांविषयी सोलापुरात येऊन बोलायचं म्हणजे पंढरपुरात जाऊन विठोबाची ओळख करून देण्यासारखं आहे. १९३८ साली चीनला गेलेल्या पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातले ते एक. त्यांचं राहतं घर आज या शहरात स्मारक म्हणून उभं आहे. व्ही. शांतारामांनी १९४६ साली त्यांच्यावर काढलेला चित्रपट तुमच्या आजी-आजोबांनी पाहिलेला असेल. ती सगळी कथा मी पुन्हा उगाळत नाही. तिच्यातल्या दोनच गोष्टींकडे लक्ष वेधतो, कारण त्यांच्यावर सहसा कुणी थांबत नाही.

पहिली गोष्ट त्यांच्या मृत्यूची. चीन-जपान युद्धाच्या आघाडीवर जखमींवर शस्त्रक्रिया करणारा हा माणूस ९ डिसेंबर १९४२ रोजी गेला तो अपस्माराने. वय अवघं बत्तीस. अपस्मार म्हणजे घरोघरी ज्याला फेफरं, मिरगी किंवा नुसतं 'फिट येणं' म्हणतात तो आजार. आहे तो मेंदूचा, पण आपल्या देशातल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात त्याची गोळी बहुतेक वेळा मनोविकारांच्या खिडकीवरच मिळते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की योग्य औषध मिळालं तर शंभरातले सत्तरपर्यंत रुग्ण झटक्यांशिवाय जगू शकतात. आणि तीच संघटना हेही सांगते की गरीब देशांतल्या चारांपैकी तीन रुग्णांपर्यंत उपचार पोचत नाहीत. आज या क्षणी सोलापूरच्या कुठल्याही चौकात एखाद्याला झटका आला, तर चप्पल नाहीतर कांदा हुंगवायला दहाजण धावतील. 'रोजची गोळी चालू आहे का?' असं विचारणारा एखादाच निघेल.

दुसरी गोष्ट भाषेची. कोटणीस चीनमध्ये गेले आणि चिनी शिकले. कामापुरतं शिकून थांबले नाहीत, ती भाषा बोलू-लिहू लागले. तिथल्या डॉक्टरांना, परिचारिकांना शिकवलं, तिथल्याच रुग्णालयाचे प्रमुख झाले. रुग्णाने आपल्या भाषेत यावं अशी वाट त्यांनी पाहिली नाही.

त्यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. १९९२ पासून हाच दिवस जगभर जागतिक मानसिक आरोग्य दिन म्हणून पाळला जातो. योगायोगच आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही. पण एखाद्या तरुण डॉक्टरला मनोविकारशास्त्राकडे आणि तिथून आरोग्यातल्या विषमतेच्या अभ्यासाकडे नेणारी वाट कशी असते, हे सांगायला मला याहून चांगलं निमित्त मिळालं नसतं.

वाटेची सुरुवात घरातूनच होते, आणि ती फारशी उत्साहवर्धक नसते. एमबीबीएस झालेल्या पोरीने किंवा पोराने मानसोपचार घेतो म्हटलं की घरात शांतता पसरते. मग आत्या विचारते, "म्हणजे वेड्यांचा डॉक्टर?" वडील म्हणतात, रँक चांगली असताना रेडिओलॉजी का सोडतोस? इंटर्नशिपमध्ये या विषयाच्या वाट्याला दोन आठवडे येतात. त्यातलेही अनेकांचे पुढच्या प्रवेशपरीक्षेच्या वाचनात जातात. मी आत्याला किंवा वडिलांना दोष देत नाही. समाजाने मानसिक आजाराला जी जागा दिली आहे, तीच त्या आजाराच्या डॉक्टरला मिळते, एवढंच.

आता आकडे पाहू. २०१५-१६ साली बेंगळुरूच्या निमहान्स या संस्थेने राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार होता. त्यातल्या बहुसंख्यांना उपचार मिळत नव्हते. आजारागणिक ही दरी ७० ते ९२ टक्क्यांची होती. देशात लाख लोकसंख्येमागे पाऊण मनोविकारतज्ज्ञ, असा अंदाज नेहमी दिला जातो. सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ४३ लाखांवर होती. देशाचा अंदाज जसाच्या तसा इथे लावला तर साऱ्या जिल्ह्याला बत्तीस-तेहतीस तज्ज्ञ येतात. हे तज्ज्ञ कुठे बसतील हे तुम्हाला मी सांगायला नको. सांगोल्याच्या किंवा मंगळवेढ्याच्या वाडीवरून निघालेल्या माणसाला त्यांच्यापर्यंत पोचायला दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं मोजावं लागतं. भरती करण्याची वेळ आली तर पुण्यातल्या येरवड्याचं मनोरुग्णालय. म्हणजे अडीचशे किलोमीटर.

या सर्वेक्षणाबद्दल आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी. ते बारा राज्यांत झालं, आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. सर्वेक्षणाच्या दृष्टीने त्यात गैर काही नाही, निवड करावीच लागते. पण त्याचा अर्थ असा, की आपल्या माणसांविषयीचे आकडे आपल्यालाच गोळा करायचे आहेत.

हे आकडे ओपीडीत कसे दिसतात ते पाहा. चाळीशीची एक बाई येते. विड्या वळते. कारखान्यातून पानं, तंबाखू, दोरा आणायचा, पानं भिजवायची, कापायची, मांडीवर सूप घेऊन दिवसभर वळत बसायचं, कट्टे बांधून परत द्यायचे. तपासणीत काही विड्या बाद होतात, तेवढी मजुरी जाते. तिची तक्रार मनाची नसतेच. डोकं दुखतं, अंग दुखतं, छातीत धडधडतं, झोप लागत नाही. ती मेडिसिनच्या रांगेत उभी राहते. तिथे तिला रक्तवाढीच्या आणि दुखण्याच्या गोळ्या मिळतात, कधी सलाईन लावून मिळतं. महिन्याने ती परत येते. असं पाच-सहा वेळा झाल्यावर कुणीतरी केसपेपरवर मानसोपचार विभागाचं नाव लिहितं, आणि मग ती येतच नाही.

तिच्यासारखी दुसरी येते, वयाने मोठी, घरात तेलुगू बोलणारी. सोबत मुलगा असतो. तरुण डॉक्टर विचारतो, "झोप लागते का?" मुलगा आईला तेलुगूत विचारतो. आई दोन-तीन मिनिटं बोलते, मध्ये पदर डोळ्यांना लावते. मुलगा डॉक्टरकडे वळून म्हणतो, "बरं आहे म्हणते." डॉक्टर 'झोप: ठीक' असं लिहितो. या शहरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चार भाषा नांदतात याचा आपल्याला अभिमान आहे. ओपीडीत मात्र बहुधा एकच चालते. त्या दोन-तीन मिनिटांत त्या माउलीने काय सांगितलं असेल? कदाचित सुनेबद्दल असेल, कदाचित त्या मुलाच्या ताडीबद्दलच असेल. शल्यचिकित्सकाला भाषा नसली तरी पोटातली गाठ हाताला लागते. आमच्याकडे बोलणं हीच तपासणी. ती अशी अर्ध्यावर तुटली की निदान चुकतं, आणि ते चुकलं हे कुणाला कळतही नाही.

मनोविकारशास्त्र आणि आरोग्यातली विषमता हे दोन विषय इथे एकमेकांना भेटतात. समोर बसलेल्या रुग्णाला काय झालंय, हे पाठ्यपुस्तक शिकवतं. समोर कोण आलंच नाही, आणि का आलं नाही, हे कुठल्या प्रकरणात नसतं. वेल्समधल्या खाणकामगारांच्या वस्तीत अनेक वर्षं प्रॅक्टिस केलेले ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक नियम मांडला: चांगली वैद्यकीय सेवा तिची गरज जिथे जास्त तिथे कमी, आणि गरज कमी तिथे जास्त मिळते. बाजाराच्या हाती सेवा जितकी अधिक, तितका हा नियम पक्का. तो मांडताना ते स्वतः त्या वस्तीत दवाखाना चालवत होते, हे विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात घ्यावं.

आपल्याजवळच्या भागात ही वाट कुणी चालून दाखवली आहे का? दाखवली आहे. डॉ. विक्रम पटेल मुंबईत जन्मले, तिथेच डॉक्टर झाले, मनोविकारशास्त्राचं शिक्षण इंग्लंडमध्ये घेतलं. उत्तम नोकरी करून तिथेच राहता आलं असतं. त्याऐवजी १९९० च्या दशकात ते संशोधनासाठी झिंबाब्वेत हरारेला गेले. नैराश्य वगैरे पाश्चात्त्यांच्या कल्पना आहेत, आफ्रिकेत त्या लागू पडणार नाहीत, असं गृहीत धरून ते गेले होते, हे त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितलं आहे. तिथे त्यांना उलटं दिसलं. लोक दुखणं वेगळ्या तऱ्हेने सांगत होते, पण आत आजार तोच होता, आणि देशभरात मनोविकारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके. तज्ज्ञांची वाट पाहत बसलो तर पिढ्या जातील, हे त्यांच्या तिथे ध्यानात आलं.

परत येऊन १९९६ साली त्यांनी सहकाऱ्यांसोबत गोव्यात 'संगाथ' ही संस्था सुरू केली. तिथल्या जिल्हा रुग्णालयात प्रसूत झालेल्या बायकांचा अभ्यास केला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. २३ टक्के मातांना बाळंतपणानंतर नैराश्य आलेलं होतं.  त्याच्याशी जोडलेल्या कारणांत पुढे होती ती घरातली ओढग्रस्त, नवऱ्याशी बिघडलेले संबंध, आणि मुलगी झाल्याचा सल. म्हणजे बाळंतिणीच्या मनाचा आजार मोजायला गेलेला डॉक्टर घराच्या उंबऱ्याच्या आत काय चाललंय ते मोजून आला.

त्यानंतरचा त्यांचा 'मानस' प्रयोग तर इथल्या प्रत्येक तरुण डॉक्टरने मुळातून वाचावा असा आहे. गोव्यातली २४ दवाखाने-आरोग्य केंद्रं घेतली. निम्मी सरकारी, निम्मी खासगी. निम्म्या ठिकाणी स्थानिक बायकांना दोन महिन्यांचं प्रशिक्षण देऊन समुपदेशक नेमलं. या बायकांना आरोग्यसेवेचा पूर्वानुभव नव्हता. रुग्णाला आजार समजावून सांगणं, त्याचा पाठपुरावा करणं, गरजेनुसार संवादातून उपचार देणं हे त्यांचं काम. औषध डॉक्टर देणार, अवघड रुग्ण तज्ज्ञाकडे जाणार. २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले. सरकारी केंद्रांत अशी समुपदेशक असलेल्या ठिकाणी निदान पक्कं झालेल्या शंभरातले सुमारे ६६ रुग्ण सहा महिन्यांत बरे झाले, नसलेल्या ठिकाणी सुमारे ४२. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक पडला नाही. माझ्या मते या अभ्यासातलं मोलाचं वाक्य हेच आहे. आरोग्य केंद्राच्या रांगेतला जो रुग्ण एरवी दीड मिनिटात गोळी घेऊन बाहेर पडतो, त्याच्याशी बोलणारं एक माणूस मिळालं, की सर्वांत जास्त फायदा त्याला होतो.

गोवा लहान, सुशिक्षित, तिथे जमतं. आपल्याकडे कसं जमणार, असं कुणी म्हणेल. म्हणून विदर्भाकडे या. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत मनोविकारतज्ज्ञ डॉ. राहुल शिधये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'विश्राम' हा कार्यक्रम राबवला. शेतकरी आत्महत्यांचा हा टापू. गावातलेच कार्यकर्ते घरोघर जायचे, मनाच्या त्रासाविषयी बोलायचे, धीर द्यायचे, गरज पडली तर पुढे पाठवायचे. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी फक्त ४.३ टक्के लोकांनी कुणाकडे तरी उपचार मागितले होते. सुमारे दीड वर्षाने पुन्हा पाहणी केली तेव्हा ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं होतं. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ वर आलं होतं. आपल्या शेजारी साताऱ्यातही स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी असं काम झालं आहे. गोवा, तामिळनाडू आणि सातारा इथल्या २८२ रुग्णांचा तो अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. औषधासोबत घरी येणारा प्रशिक्षित कार्यकर्ता असेल, तर आजाराची तीव्रता आणि त्यातून येणारी असमर्थता कमी होते, असं त्यात दिसलं.

या कल्पनेचं मूळही दूर नाही. करमाळ्याची हद्द ओलांडली की जामखेड. तिथे डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून निरक्षर, दलित, परित्यक्ता बायकांना आरोग्य कार्यकर्त्या केलं. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायांच्या हाती नवजात बालकांचा जीव सोपवला आणि त्याचे निष्कर्ष १९९९ साली जगापुढे ठेवले. शरीराच्या आरोग्यासाठी महाराष्ट्राने जे केलं, तेच मनाच्या आरोग्यासाठी करायचं आहे.

मुळीच न येणाऱ्या रुग्णांची आणखी एक जात आहे. सोलापूर स्टेशनवर, अक्कलकोट-पंढरपूर-तुळजापूरच्या वाटांवर ती दिसते. केसांच्या जटा झालेली, अंगावर चिंध्या, स्वतःशीच पुटपुटणारी माणसं. रेल्वेने आलेली, कुठून ते ठाऊक नसलेली. डॉ. भरत वटवानी आणि डॉ. स्मिता वटवानी यांनी मुंबईत एका तरुणाला करवंटीने गटारातलं पाणी पिताना पाहिलं, त्याला उचलून उपचार केले; तो पदवीधर निघाला. त्यातून १९८८ साली 'श्रद्धा' ही संस्था उभी राहिली. आज कर्जतला त्यांचं केंद्र आहे, आणि तिथून बरे झालेले हजारो लोक देशभरातल्या आपापल्या घरी परतले आहेत. डॉ. भरत वटवानींना २०१८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गटाराकाठच्या त्या तरुणाकडे कुणीही रुग्ण म्हणून पाहत नव्हतं. त्या दोघांनी पाहिलं, एवढाच आरंभ.

इथे एक धोका सांगितला पाहिजे. विषमतेचा अभ्यास म्हणजे दारिद्र्याला गोळी देणं नव्हे. २०२२ साली देशात १,७०,९२४ लोकांनी आत्महत्या केल्याची नोंद आहे. महाराष्ट्रातले २२,७४६, म्हणजे सर्वाधिक. देशातल्या एकूण आकड्यात चौथ्या हिश्श्याहून जास्त लोक रोजंदारीवरचे होते. विडी वळणाऱ्या बाईची मजुरी वाढली पाहिजे आणि यंत्रमागावर बारा तास उभ्या असलेल्या माणसाला रात्रपाळीनंतर झोपायला शांत जागा मिळाली पाहिजे, हे कुठल्याही गोळीने होत नाही. पण उद्याची शाश्वती नसणं, मारहाण आणि हतबलता मनाला आजारी पाडतात, हे पुराव्यानिशी दाखवता येतं. ते दाखवणं हे आपलं काम. पुढे काय करायचं हे शासनाला आणि संघटनांना ठरवू द्या, पण त्यांच्या हातात पुरावा तरी द्या.

असा पुरावा गोळा करायला सोलापूरसारखी जागा नाही. १९ जानेवारी २०२४ रोजी कुंभारीच्या रे नगरमध्ये १५,००० घरांचं लोकार्पण झालं. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे, फेरीवाले यांची ती घरं. भाड्याच्या एका खोलीतून स्वतःच्या पक्क्या घरात गेल्यावर माणसाची झोप सुधारते का? घरातली भांडणं कमी होतात का? की गावापासून लांब गेल्याने बायकांचं कामच तुटतं आणि नवी काळजी सुरू होते? जगातल्या मोठमोठ्या विद्यापीठांना असा अभ्यास करायला अशी संधी शोधत फिरावं लागतं. ती तुमच्या महाविद्यालयापासून शहर बसच्या अंतरावर आहे.

आणि साधनंही आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो. जिल्हा निवासी कार्यक्रमाखाली तीन महिने जिल्ह्यातल्या रुग्णालयात काम करावंच लागतं. बहुतेक प्रबंध ओपीडीत आलेल्यांवर होतात, कारण ते सोयीचं असतं. मग ते कपाटात जातात. कायदाही तुमच्या बाजूने आहे. २०१८ पासून लागू झालेला मानसिक आरोग्याचा कायदा प्रत्येक नागरिकाला शासकीय खर्चाने चालणारी, परवडणारी, चांगल्या दर्जाची सेवा भेदभावाशिवाय मिळण्याचा हक्क देतो. आपल्याच जिल्ह्यात ती मिळावी असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. हक्क कागदावर आहे. तो किती जणांपर्यंत पोचला, हे मोजणं हेच संशोधन.

म्हणून शेवटी तीन विनंत्या करतो.

विद्यार्थ्यांना: यंदाचा तुमचा प्रबंध न आलेल्या रुग्णावर करा. औषध मध्येच सोडून गेलेल्यांचे पत्ते घ्या, त्यांच्या दारात जा, का सोडलं ते विचारा. तेलुगू किंवा कन्नड, दोन्हींपैकी एक तरी विचारपूस करण्यापुरती शिका. मुलाला किंवा सुनेला दुभाषी करू नका. आणि ज्या वस्तीतून आकडे आणले, त्या वस्तीत जाऊन निष्कर्ष सांगा; हे झाल्याशिवाय प्रबंध पुरा झाला असं समजू नका.

शिक्षकांना: असा प्रबंध रुग्णसंख्येने लहान दिसेल, वेळ जास्त घेईल. तरी तो नाकारू नका.

सोलापूरकरांना: तुमच्या घरात, गल्लीत कुणाला फिट येत असेल, कुणी महिनोन् महिने गप्प झालं असेल, कुणी मरणाचं बोलत असेल, तर लपवू नका, चिडवू नका, बांधून ठेवू नका. सिव्हिलला घेऊन या. यायला जमत नसेल तर १४४१६ हा टेलिमानस या मदतवाहिनीचा क्रमांक फिरवा. तो २०२२ साली सुरू झाला, दिवसरात्र चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीतून बोलता येतं. जाण्यापूर्वी तो मोबाईलमध्ये लिहून घ्या, आणि घरी गेल्यावर शेजाऱ्यालाही द्या.